पठितम् की पठितवान्?

१९८१ साली बंगळुरात सुरू झालेल्या संस्कृत संभाषणाच्या चळवळीचा साचा परदेशातल्या निवासी शिबिरांतही रुळला आहे. मुलं चार दिवसांत ‘भवान् कुत्र गच्छति’ विचारू लागतात, हे कौतुकाचंच. पण सोपेपणासाठी भूतकाळ बहुधा ‘रामः पुस्तकं पठितवान्’ असाच शिकवतात. मराठी मुलाला ‘रामेण पुस्तकं पठितम्’ जास्त जवळचं. ‘रामाने पुस्तक वाचलं’ हीच ती रचना, नपुंसकलिंगासकट! सेम्बावांगच्या आपल्या मुलांना शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही. बरीच मुलं हिंदी घेतात, आणि हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. मग घरी ऐकलेलं ‘ते पुस्तक’ विसरून शिबिरात नपुंसकलिंग नव्याने घोकायचं! एखादा गट मराठीतून शिकवून पाहायला काय हरकत आहे?