आडव्या अक्षावर किती विश्वास ठेवावा?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली मायक्रोवेव्ह प्रयोगांची एक पुस्तिका अलीकडे आमच्या पाहण्यात आली. अशा पुस्तिका बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात, म्हणून तिचे नाव सांगण्याची गरज नाही. आकृत्या नेटक्या आहेत, क्लायस्ट्रॉनचे विवेचन समजेल असे आहे. परंतु सिग्नल जनरेटरच्या 'स्वीप' नियंत्रणाला तिने जेमतेम चार ओळी दिल्या आहेत. सुरुवातीची व शेवटची वारंवारता ठरवावी, स्वीप चालू करावा आणि पडद्यावरील आलेखावरून अनुस्पंदनाची वारंवारता वाचावी, एवढेच त्यांत आहे. आमचा आक्षेप या शेवटच्या 'वाचावी'ला आहे.

स्वीप म्हणजे जनरेटरची वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप सरकवत नेणे. त्यासाठी यंत्रातले एक मंडल सावकाश चढणारा व टोकाला पोहोचताच झटकन खाली येणारा विद्युतदाब निर्माण करते. करवतीच्या दातासारखा दिसणारा हा दाब एकाच वेळी दोन ठिकाणी जातो. एकीकडे तो आंदोलकाची वारंवारता बदलतो, तर दुसरीकडे ऑसिलोस्कोपचा ठिपका डावीकडून उजवीकडे नेतो. म्हणजे पडद्याचा आडवा अक्ष हा मुळात विद्युतदाबाचा अक्ष आहे. वारंवारता त्या दाबाच्या मागोमाग इमानाने जाते, हे आपण गृहीत धरलेले असते.

हे गृहीत कितपत खरे आहे? महाविद्यालयांतील बेंचवर असणाऱ्या रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉनमध्ये करवती दाब रिपेलरला देतात. त्याने वारंवारता फार तर काही दशक मेगाहर्ट्झ बदलते, आणि तीही सरळ रेषेत बदलत नाही. पडद्यावर दिसणारा सुंदर डोंगर हा शक्ती व दाब यांचा आलेख असतो. वारंवारता हवी असेल तर वारंवारतामापकाची पोकळी फिरवून तिने पाडलेली खाच पाहावी लागते. मोठ्या पल्ल्याच्या जनरेटरमध्ये यिट्रियम-लोह गार्नेटचा चिमुकला गोळा चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला असतो. त्याची वारंवारता दर टेस्लाला सुमारे 28 गिगाहर्ट्झ या प्रमाणात वाढते. 10 गिगाहर्ट्झसाठी सुमारे 0.36 टेस्ला क्षेत्र लागते. हे नाते बरेच सरळ असले तरी क्षेत्र निर्माण करणारा विद्युतचुंबक जड गड्यासारखा आहे. प्रवाह वेगाने वाढवला की क्षेत्र मागे रेंगाळते आणि त्याबरोबर वारंवारताही.

दुसरी गफलत स्वीपच्या वेगाची. समजा, 8 ते 12 गिगाहर्ट्झ हा पल्ला 40 मिलिसेकंदांत पार केला. म्हणजे दर मायक्रोसेकंदाला 0.1 मेगाहर्ट्झ. तपासायच्या पोकळीचा खळगा 1 मेगाहर्ट्झ रुंद असेल, तर तो 10 मायक्रोसेकंदांत मागे पडतो. डिटेक्टर व त्यापुढील वर्धक यांना प्रतिसाद द्यायला 100 मायक्रोसेकंद लागत असतील, तर पडद्यावर काय दिसेल? खऱ्या खोलीच्या सातव्या-आठव्या हिस्स्याएवढा उथळ, जागेवरून सरकलेला आणि सुमारे 10 मेगाहर्ट्झ लांब शेपटाचा खळगा! तोच पल्ला 40 सेकंदांत पार केला, तर खळगा ओलांडायला 10 मिलिसेकंद मिळतात आणि चित्र सुधारते.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी आम्ही एका पोकळीची वारंवारता तीन आठवडे मोजत होतो. आकडे एकमेकांशी इतके छान जुळत होते की शंकेला जागाच नव्हती. एके दिवशी सहज स्वीपचा वेळ दहापट केला, आणि खळगा जागचा हलला. तीन आठवड्यांचे काम रद्द करावे लागले. आकडे जुळत होते, कारण चूक दर वेळी तेवढीच होत होती.

आजच्या सिंथेसायझर पद्धतीच्या जनरेटरमध्ये वारंवारता पायरीपायरीने बदलता येते व प्रत्येक पायरी अचूक असते. पण म्हणून निर्धास्त होऊ नये. 4 गिगाहर्ट्झचा पल्ला 401 बिंदूंत विभागला तर दोन बिंदूंत 10 मेगाहर्ट्झचे अंतर पडते. आपला 1 मेगाहर्ट्झचा खळगा त्या फटीत बसला तर तो दिसणारच नाही. शिवाय प्रत्येक पायरीवर वारंवारता स्थिरावेपर्यंत थांबणेही आले.

शाळेतील शिक्षकांना हा विषय दूरचा वाटेल, पण तसे नाही. अनुस्पंदन नळीचा प्रयोग आठवावा. नादकाटा वाजवून पाण्याची पातळी भराभर खाली नेली, तर मोठ्या आवाजाची जागा निसटते, किंवा ती ओलांडल्यावर आपले कान 'आला' म्हणतात. म्हणूनच आपण मुलांना पातळी सावकाश हलवायला सांगतो, एकदा उतरताना व एकदा चढताना वाचन घ्यायला लावतो. हाही स्वीपच आहे. फक्त तो हाताने केलेला असल्यामुळे त्यातील दोष आपल्याला दिसतात. बटनामागे गेल्यावर ते दिसेनासे होतात.

पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत तीनच सूचना वाढवाव्यात. स्वीपचा वेळ दुप्पट करा. खळगा हलला किंवा खोल झाला, तर वेग अजून जास्त आहे. पल्ला आकुंचित करून पुन्हा पाहा. आणि ज्ञात वारंवारतेच्या एखाद्या खुणेशी आडवा अक्ष ताडून घ्या. यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. पण त्या केल्याशिवाय वहीत लिहिलेला आकडा हे मोजमाप नव्हे, ती यंत्राने सांगितलेली ऐकीव गोष्ट आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या दोहोंतला फरक कळावा, यासाठीच प्रयोगशाळा असते.