८७ टक्क्यांचा अर्थ : छिन्नमनस्कतेच्या यंत्राधिष्ठित निदानाची एक चिकित्सा

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा किशोरावस्थेच्या अखेरीपासून तिशीपर्यंतच्या काळात प्रकट होतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या महाविद्यालयांत आपल्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे हेच वय होय. वर्गात येणे अचानक थांबविणारा विद्यार्थी आजारी आहे की केवळ खचलेला, हे ठरविताना शिक्षक व पालक दोघेही चाचपडत असतात. अशा वेळी ‘मेंदूच्या प्रतिमेवरून संगणक निदान करतो’ हे वृत्त दिलासा देणारे वाटते. प्रस्तुत लेखात या दाव्याची तपासणी करावयाची आहे.

दावा निराधार नाही. बंगळूरची निम्हान्स ही संस्था व कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘एम्पास्किझ’ ही प्रणाली मांडली. औषधोपचार सुरू न झालेले ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी व्यक्ती यांच्या विश्रांत अवस्थेतील मेंदूचे एफएमआरआय प्रतिमांकन यंत्राला शिकविण्यात आले. रुग्ण कोण व निरोगी कोण, हे यंत्राने सुमारे ८७ टक्के अचूकतेने ओळखले. सर्वांनाच निरोगी म्हटले असते तरी अचूकता ५३ टक्के भरली असती. तेव्हा ही प्रगती खरीच आहे. औषधांचा मेंदूवरील परिणाम वगळता यावा म्हणून अनौपचारित रुग्ण निवडणे, हे या अभ्यासाचे मोठे बलस्थान मानावे लागेल.

तथापि, यंत्राला ‘रुग्ण’ ही खूण दिली कोणी? मनोविकारतज्ज्ञानेच, मुलाखतीवरून. ज्या निदानाला यंत्राने पर्याय द्यावा अशी अपेक्षा आहे, त्याच निदानावर ते पोसलेले आहे. शिवाय तुलना निरोगी व्यक्तींशी आहे. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपुढचा पेच निराळाच असतो : हा स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, की व्यसनजन्य भ्रम? त्या प्रश्नाची परीक्षा येथे झालेलीच नाही.

आता हीच प्रणाली महाविद्यालयात सरसकट वापरली, अशी कल्पना करू. (असे कोणी सुचविलेले नाही, पण यंत्र हाती आले की मोह आवरत नाही.) १००० विद्यार्थ्यांत १० रुग्ण आहेत आणि रुग्ण व निरोगी दोहोंबाबत अचूकता ८७ टक्के आहे, असे गृहीत धरू. सुमारे ९ रुग्ण सापडतील. परंतु ९९० निरोग्यांपैकी सुमारे १२९ जणांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या १३८ जणांत खरे रुग्ण अवघे ९. या शिक्क्याची किंमत लग्नाच्या बोलणीत व नोकरीच्या मुलाखतीत काय पडते, हे उपनगरातील कोणत्याही चाळीत वा सोसायटीत विचारावे.

दुसरी शंका स्थलांतराची. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचे फलित वर्तविणाऱ्या प्रतिमानांची तपासणी प्रसिद्ध झाली. तेथे आधार मेंदू-प्रतिमांचा नव्हे, वैद्यकीय चाचण्यांतील नोंदींचा होता. एका चाचणीच्या नोंदींवर उत्तम ठरलेली प्रतिमाने दुसऱ्या स्वतंत्र चाचणीतील रुग्णांवर नाणेफेकीपलीकडे गेली नाहीत. एफएमआरआयच्या बाबतीत तर यंत्राची बनावट बदलली की प्रतिमेतही फरक पडतो.

म्हणून बंगळूरात शिकलेले यंत्र मुंबईतील एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या स्कॅनरवर, द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांसह, निदान अद्याप अनिश्चित असलेल्यांवर तपासले जावे. आणि त्याने दिलेले उत्तर दोन वर्षांनी प्रत्यक्ष प्रकृतीशी ताडून पाहावे.