शंका घेणारा बॉम्ब

'डार्क स्टार' (१९७४) हा जॉन कार्पेंटर यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना सुरू केलेला, तुटपुंज्या पैशांतला विनोदी विज्ञानपट. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे पंजे लावलेला, हवा भरलेला चेंडू! तरीही ५० वर्षांनंतर आम्हांला तो पुन्हा पाहावासा वाटतो, तो बॉम्ब क्रमांक २०मुळे. यंत्रणेतल्या बिघाडामुळे हा बोलका बॉम्ब यानाला चिकटलेला असतानाच फुटायला निघतो. यानप्रमुख डूलिटल त्याला विचारतो, की तुला मिळालेला हुकूम खरा कशावरून? बॉम्ब विचारात पडतो, थांबतो. पण पुढे बाहेरून येणारी सगळीच माहिती खोटी ठरवून तो फुटतोच! शंका घ्या, असे आपण वर्गात सांगतो. ती पडताळायची कशी, हे शिकवायचे मात्र राहून जाते.