टाक्यांचा माग

इंग्रजी रहस्यकथेत हातकाम करणाऱ्या बायकांचं एक मोठं दालन आहे. मोनिका फेरिसनं १९९९ साली भरतकामाच्या दुकानाभोवती मालिका सुरू केली, तर मॅगी सेफ्टननं २००५ साली विणकाम करणाऱ्या मैत्रिणींना तपासाला लावलं. गाव लहान, माणसं ओळखीपाळखीची, रक्तपात नजरेआड आणि छडा लावणारी बाई पोलिसातली नव्हे, शेजारातली. शेवटच्या पानांवर पुष्कळदा स्वेटरचा नमुनाही असतो. या कथा मी आवडीनं वाचते, म्हणून तक्रारही मनापासूनची आहे. बहुतेक ठिकाणी हातकाम नुसतं सजावटीला असतं. लोकरीचं दुकान उठवून तिथे बेकरी बसवली तरी खून, संशयित आणि उलगडा तसाच राहील.

अगाथा ख्रिस्तीचं तसं नव्हतं. १९२७ साली मासिकात आलेल्या मिस मार्पलच्या पहिल्याच कथेत वकील, पाद्री आणि पोलीस खात्यातला निवृत्त वरिष्ठ तर्क लढवतात, ही बाई विणत बसलेली असते, आणि कोडं सुटतं ते गोड पदार्थावर भुरभुरायच्या रंगीत साखरगोळ्यांमुळे. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसालाच ते चटकन सुचणार. विणणाऱ्या म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही, हा वरवरचा फायदा. घरकामानं तिची नजर घडवली आहे, हे ख्रिस्तीनं मनापासून मानलं होतं.

हात काय काय सांगतो ते विणणाऱ्या कुणालाही विचारावं. क्रोशाचा गोल रुमाल उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेनं वाढवत नेतो, डावरा घड्याळाच्या दिशेनं. मुक्या खांबाचे टाके घट्ट पडलेत की सैल, यावरून बाई ओळखू येते. दोघींनी मिळून केलेल्या कामात हात कुठे बदलला ती ओळही दिसते. एकाच रंगाच्या दोन गुंड्या वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या असतील तर उन्हात फरक कळतो, म्हणजे लोकर मध्येच संपली आणि मागाहून आणली. आणि जुन्या लुगड्यांची गोधडी तर घराचं दप्तरच! त्यात कोणाचं लुगडं आलं आणि कोणाचं मुद्दाम वगळलं, एवढ्यावरसुद्धा एक कादंबरी उभी राहील.

मराठीत ती उभी राहिलेली नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. धनंजय, झुंजार, काळापहाड हे सगळे घराबाहेर पराक्रम करणारे पुरुष. झुंजारची विजया धीट आहे, पण गोष्ट त्याची. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी रहस्यकथेला वेग आणि शहरी बोली दिली. नायक मात्र दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन. ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकानं या प्रकाराला हक्काची जागा दिली. भयकथाकार धारप-मतकरींनी भय थेट माजघरात आणलं. भय आत आलं, पण माजघरातल्या बाईची चौकस बुद्धी काही नायिका झाली नाही. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ (१९९९) बायकांच्याच भोवती फिरणारा रहस्यपट होता. त्याला पुढे वंश नाही. बंगालीत पाहा: ऋतुपर्ण घोषनं ‘शुभ महूरत’ या चित्रपटात (२००३) मिस मार्पलची रांगापिशी केली, राखीनं ती साकारली, सुचित्रा भट्टाचार्यांची गुप्तहेर मितिनमाशी (माशी म्हणजे मावशी) घराघरांत पोचली. आपल्याकडे रजनी पंडितांसारखी खरीखुरी गुप्तहेर मुंबईत नाव कमावते, आणि कादंबरीत एखादी मावशी सापडत नाही.

मला याचं कारण असं दिसतं की घर आणि बायका हा विषय आपण गंभीर साहित्याच्या स्वाधीन केला, रहस्य भाड्याच्या वाचनालयाच्या. दोघांची गाठ पडली नाही.

ती पडायला पुण्यातल्या कर्वेनगरइतकी योग्य जागा नाही. हे पूर्वीचं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला विधवांचा आश्रम शहराबाहेर इथल्या झोपडीत आणला. गावोगावहून आलेल्या विधवा एका कुंपणात, प्रत्येकीच्या मागे न बोललेलं काहीतरी, आणि शहराची संशयी नजर सतत त्यांच्यावर. मराठी साहित्यातलं सर्वांत गाजलेलं टोपणनावाचं कोडंही याच मातीतलं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं, खळबळ उडाली, आणि ही विभावरी शिरूरकर कोण याचा शोध लोक घेत राहिले. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि कन्याशाळेत शिकवणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावामागे होत्या. याच बाईंनी ‘अलंकार-मंजूषा’ हे दागिन्यांवरचं पुस्तकही लिहिलं. वस्तूंची पारख आणि गुपित राखण्याची ताकद एकाच व्यक्तीत असलेली ही नायिका आपल्याला तयार मिळाली होती.

आजचं कर्वेनगरही कमी नाही. जुने बंगले पाडून इमारती उठतात, पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या लागतात, मुलं परदेशात असतात आणि भिशीत, भजनी मंडळात, क्रोशाच्या वर्गात सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. खून हवाच असंही नाही; मृत्युपत्रातली एक संशयास्पद सही किंवा रुखवतातून नाहीशी झालेली पाटली पुरेल.

लिहिणारीला एक गोष्ट मात्र टाळता येणार नाही, जी इंग्रजी मालिका सर्रास टाळतात. तिथे शेजारणींची पाळत नेहमी प्रेमळ असते. हिंगण्याच्या विधवांना ती तशी मिळाली नव्हती: कोणाकडे कोण आलं, कोण कुठे गेलं याच चौकशांनी त्यांचं जगणं कठीण केलं होतं. क्रोशाच्या वर्गातल्या ज्या मावशी पाटलीचा चोर शोधून काढतील, त्याच चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मुलीच्या दाराशी कोणाच्या चपला आहेत हेही पाहून ठेवतील, आणि कादंबरीत त्या मुलीलाही तोंड उघडून त्यांना जाब विचारता यायला हवा.