पोलीस बळाची गणना आणि ग्रामरक्षणाचा विचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

देशात पोलीस किती, हा प्रश्न वरकरणी साध्या अंकगणिताचा वाटतो. परंतु पोलीस कोणास म्हणावे हे निश्चित झाल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. अमेरिकेच्या २००८ मधील गणनेत राज्य व स्थानिक पातळीवरील १७,९८५ पोलीस यंत्रणांची नोंद झाली. तेथे लहान गावाचेही स्वतंत्र पोलीस खाते असू शकते; म्हणून यंत्रणा मोजणे हेच मोठे काम ठरते. भारतात पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने दले मोजकी आहेत. प्रश्न उरतो तो माणसांच्या गणनेचा. हे काम १९७० मध्ये स्थापन झालेला पोलीस संशोधन व विकास ब्युरो करतो. त्याच्या ‘डेटा ऑन पोलीस ऑर्गनायझेशन्स’ या संकलनाची वऱ्हाडातील खेड्याच्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकलनाचे मोल

या संकलनामुळे मंजूर पदे व प्रत्यक्ष मनुष्यबळ यांतील अंतर अधिकृतपणे समोर येते. १ जानेवारी २०२० रोजी देशातील राज्य पोलीस दलांत २६,२३,२२५ पदे मंजूर होती. प्रत्यक्षात २०,९१,४८८ कर्मचारी होते. म्हणजे ५,३१,७३७ पदे रिक्त होती. दर लाख लोकसंख्येमागे मंजूर प्रमाण सुमारे १९५, तर प्रत्यक्ष प्रमाण सुमारे १५६ होते. स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. भरतीविषयीच्या कोणत्याही चर्चेस हा पाया आवश्यक आहे.

सरासरीच्या मर्यादा

मात्र दर लाखामागील प्रमाण हे सुरक्षिततेचे माप म्हणून वापरले की दोष निर्माण होतो. या एकूण संख्येत नागरी पोलिसांबरोबर सशस्त्र पोलिसही येतात. अमरावती येथील राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ९ राज्याच्या संख्येत भर घालतो. परंतु तिवसा तालुक्यातील शेतकऱ्याची फिर्याद नोंदवून घेणे हे त्याचे काम नव्हे. अमरावती शहरासाठी पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागासाठी पोलीस अधीक्षक अशी विभागणी आहे. राज्याच्या सरासरीत हा भेद विरघळून जातो.

शिवाय लोकसंख्या स्थिर मानली जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मौन श्रद्धांजलीसाठी मोझरी येथे लाखोंचा समुदाय जमतो. अशा वेळी गावाच्या नोंदलेल्या लोकसंख्येवरून काढलेले प्रमाण निरर्थक ठरते. ‘२२२’ हा आकडा संयुक्त राष्ट्रांचा निकष म्हणून वारंवार सांगितला जातो. मात्र राष्ट्रांवर बंधनकारक असा तो नियम नाही.

गणनेबाहेरचा पोलीस पाटील

संकलनातील मनुष्यबळाचे तक्ते महासंचालकापासून शिपायापर्यंतच्या पदांवर आधारलेले आहेत. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जाणारा पोलीस पाटील त्या श्रेणीत बसत नाही. गावातील गुन्ह्याची खबर देणे, शांतताभंगाची शक्यता कळविणे, तपासात साहाय्य करणे ही कर्तव्ये कायद्यानेच त्याच्यावर सोपविली आहेत. राज्यात अशी ३८,७२५ पदे आहेत. २०२४ मध्ये शासनाने त्यांचे मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले. राज्याच्या तिजोरीतून मानधन घेणारा, कायद्याने बांधलेला, पण पोलीस बळात न मोजला जाणारा असा हा घटक आहे. खेड्यातील माणसाला कायद्याचे पहिले दर्शन बहुधा त्याच्याच रूपाने होते.

ग्रामगीतेची कसोटी

१९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना करणाऱ्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामरक्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्याची योजना संघटन शक्तीच्या अध्यायानंतर आणि ग्रामशुद्धीच्या अध्यायापूर्वी आहे. हा क्रम अर्थपूर्ण मानावा लागेल. रक्षण हे येथे बाहेरून पुरविले जाणारे बळ नसून संघटित गावाचे कार्य ठरते. १९४२ च्या आंदोलनात स्वतः कारावास भोगलेल्या व्यक्तीने हा विचार मांडला, हेही लक्षणीय आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतही तंटा गावातच मिटविण्याची भूमिका होती.

तथापि हा विचारही चिकित्सेपलीकडचा नाही. गाव एकजिनसी नसते. जातीची आणि जमिनीची सत्ता ज्यांच्या हाती असते, त्यांच्याच हाती रक्षणाची सूत्रे गेल्यास दुर्बलाला गावाबाहेरील पोलीस ठाण्याचाच आधार उरतो. अत्याचाराची तक्रार गावातच मिटविणे म्हणजे न्याय नव्हे. म्हणून पोलीस पाटलांची संख्या पोलीस बळात मिळवून प्रमाण सुधारल्याचे दाखविणे अयोग्य ठरेल. त्यामुळे रिक्त पदांचा प्रश्न झाकला जाईल.

समारोप

ग्राम पोलिसांची नोंद स्वतंत्र स्तंभात व्हावी, त्यातील भरलेली व रिक्त पदे वेगळी दाखवावीत, आणि पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष तपास करणाऱ्यांची संख्या सशस्त्र दलांपासून विलग करून जिल्हावार मांडावी, एवढी अपेक्षा या चिकित्सेतून निष्पन्न होते. विद्यमान गणना शासनाजवळ किती माणसे आहेत ते सांगते. संकटात सापडलेल्या ग्रामस्थाजवळ कोण पोहोचू शकते, हे सांगण्याची क्षमता तिच्यात यावयाची आहे. ती येईपर्यंत दर लाखामागील आकड्यावरून खेड्याच्या सुरक्षिततेविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.