खाँसाहेबांचा गंधार, बनशंकरीचे कान

बंगळुरात हिंदुस्थानी गाण्याची जुनी तबकडी चारचौघांत ऐकायची, तर शेजारच्या माणसाचे कान कर्नाटक पद्धतीत वाढलेले असणार हे धरूनच चालावे लागते. बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये आमची जी लहानशी बैठक भरते तिच्यात मराठी घरातले थोडे, धारवाड-हुबळीकडचे एक-दोन, आणि बाकीचे जुन्या म्हैसूर संस्थानातले, त्यागराजांच्या कृतींवर पोसलेले. बोलणे कानडीत सुरू होते, इंग्रजीत अडते आणि हिंदीत सुटते. रागांच्या नावांचा घोळ तर ठरलेलाच. आम्ही मालकंस म्हणतो तो त्यांचा हिंदोळम्, आमचा भूप त्यांचा मोहनम्. त्यांच्या तोडीचे स्वर ऐकले की आम्हाला भैरवी आठवते आणि आमची तोडी ऐकून ते शुभपंतुवराळी म्हणतात. पहिल्या दोन-तीन बैठकींत याची गंमत वाटते, पुढे सवय होते.

सवय व्हायला वेळ लागला तो एका आवाजाला. एखादी जागा फार आवडली की कर्नाटक रसिक जिभेने ‘च् च् च्’ करतात. मराठी माणसाला ती हळहळ वाटते. आपण ‘वाहवा’ म्हणावे आणि शेजारी कोणी चुकचुकावे, म्हणजे गवय्याचे काहीतरी बिनसले की काय! पण हळूहळू लक्षात आले, की आमची वाहवा आणि त्यांचा चुकचुकाट नेहमी एकाच ठिकाणी पडत नाही. ही तफावत मला सर्वांत स्पष्ट दिसली ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांवर.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, पण त्यांचे घर झाले मिरज. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांच्याकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. म्हणजे आज ज्याला आपण किराणा घराणे म्हणतो त्याचे निम्मेअधिक पीक धारवाडच्या काळ्या मातीतले. म्हैसूरच्या दरबारातही खाँसाहेबांचे जाणे-येणे होते, आणि दक्षिणेचे गाणे त्यांनी पाहुण्याच्या शिष्टाचाराने नव्हे तर विद्यार्थ्याच्या कानाने ऐकले. ख्यालात सरगम म्हणण्याची त्यांची आवड तिथली. 1937 साली मद्रासहून पुदुच्चेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्थानकावर ते गेले. शेवटच्या घटकेला ते दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत होते, असे सांगतात. दरबारीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, तो पुढे लागणार आहे.

त्यांची तरुणपणीची ध्वनिमुद्रणे 1905 च्या सुमाराची, कर्ण्यात तोंड घालून गायलेली. पण आपण ज्यांच्यावर जीव टाकतो ती बहुतेक 1930 नंतरची, ओडियन कंपनीची, मायक्रोफोनपुढची. हा फरक मामुली नाही. कर्ण्याला खणखणीत, फेकीचा आवाज लागे. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, किंचित नाकातून येणारा. त्याचे सगळे वैभव हळू बोलण्यात. विजेचे ध्वनिमुद्रण आले नसते तर तो आवाज आपल्याला नुसता कृश वाटला असता. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. एवढ्या वेळात आजचा गवई तंबोरा लावून श्रोत्यांची परवानगी मागतो.

एका बैठकीत मी आधी त्यांची भैरवीतली ठुमरी लावली, ‘जमुना के तीर’. ती आमच्यापैकी बहुतेकांना पाठ, कारण भीमसेनजींनी ती असंख्य मैफलींच्या शेवटी गायली. भीमसेनजींच्या गळ्यात ती नदी रुंद होते. मूळ तबकडीत ती अरुंद आहे, पण खोल. तानांची आतषबाजी नाही, तबला आपला मागे मागे चालतो, आणि मुखडा फिरून फिरून येतो. येताना दर वेळी त्याचे वजन थोडे निराळ्या अक्षरावर पडलेले असते. ‘तीर’मधल्या ईकाराकडे लक्ष द्यावे. आकारात फुलणारे गळे पुष्कळ. ईकार मात्र बहुतेकांच्या तोंडी आवळतो, चिरका होतो. खाँसाहेबांचा आवाज जात्याच निमुळता, त्यामुळे ईकार हे त्याचे घर. तिथे सूर लागतो तो बाहेरून आणून ठेवल्यासारखा नाही. तंबोऱ्यातून आधीच येत असलेला कोणीतरी फक्त उचलून धरला असे वाटते. आम्ही मराठी मंडळी त्या थांबलेल्या सुराला दाद देतो. म्हैसूरकरांचा चुकचुकाट मात्र त्याच्या आधीच पडला, सूर लागण्यापूर्वीच्या त्या निसरड्या वाटेवर. आम्ही मुक्कामाला मान डोलावत होतो, ते प्रवासाला.

मग मी दुसरी तबकडी लावली. खाँसाहेबांनी त्यागराजांची खरहरप्रियातली ‘रामा नी समानमेव्वरु’ ही कृती गायली आहे. त्या काळातल्या उत्तरेच्या उस्तादाने तेलुगू कृती ध्वनिमुद्रित करावी, हेच आपल्याकडे इतके कौतुकाचे की तबकडी ऐकण्यापेक्षा तिच्याबद्दल सांगितलेच जास्त जाते. माझाही हेतू थोडा पाहुण्यांना खूश करण्याचा होता.

ते खूश झाले नाहीत. बैठकीतले सर्वांत ज्येष्ठ सर (सगळे त्यांना सरच म्हणतात) डोळे मिटून ऐकत होते, मांडीवरचा हात ताल धरू पाहत होता. संपल्यावर म्हणाले, तेलुगू गेली, कृतीचा डौल गेला, गंधारही गेला. उरली ती श्रुती, आणि ती मात्र अशी की पुन्हा लावा.

तेलुगूबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही; उच्चार ऐकणाऱ्याला ते कळतेच. डौलाचेही खरे आहे. कृती ही बांधलेली इमारत आहे, पल्लवी-अनुपल्लवी-चरण अशी चढत जाणारी, एकेका ओळीवर ठरलेल्या संगती रचत नेणारी. खाँसाहेब तिच्याकडे बंदिशीसारखे पाहतात, शब्दांचा आधार घेऊन सुरात रमायला मोकळे होतात. शिवाय खरहरप्रियाचे स्वर म्हणजे आपल्या काफीचे स्वर. आपल्याकडे काफी म्हटले की होरी, ठुमरी, उत्तररात्रीची मैफल. तिकडे खरहरप्रिया हा भारदस्त राग, तासभर आलापना पेलणारा. खाँसाहेबांच्या गळ्यातून त्या भारदस्त रागात काफीचा ओलावा झिरपतो. मला तो हवासा वाटतो. सरांना तो घरच्या माणसाने परक्याची टोपी घातल्यासारखा वाटला.

प्रश्न राहिला गंधाराचा. खरहरप्रियातला कोमल गंधार हा कर्नाटक कानाला रिषभ आणि मध्यम यांच्यामध्ये झुलणारा स्वर आहे. तो झुलला नाही तर राग ओळखीचा राहत नाही. खाँसाहेब तिथे उभे राहतात. किराण्याचा सगळा धर्मच तो, स्वरावर उभे राहणे. मी तसे म्हणालो. तेव्हा धारवाडकडचे एक गृहस्थ, जे दोन्हीकडचे ऐकतात आणि म्हणून कोणाचेच ऐकून घेत नाहीत, म्हणाले: दरबारीत तुमचा गंधार हलतो ना? दरबारी खाँसाहेबांच्या गळ्यातली. मग ज्याला हलवता येतो त्याने इथेच का नाही हलवला?

प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून तबकडी पुन्हा लावली. दरबारी मनात ठेवून ऐकले तेव्हा तो गंधार मला पूर्वीसारखा सरळ वाटेना. मध्यमाचा कण घेऊन तो खाली येतो, क्षणभर आंदोलनाचा विचार करतो, आणि मग स्थिर होतो. न जमल्याचा तो थांबा नाही. झुलण्याची जाणीव असलेल्या माणसाने निवडलेला तो थांबा आहे. माझे मत आता असे, की कृती म्हणून ही तबकडी फिकी आहे आणि खाँसाहेबांच्या कानाचा पुरावा म्हणून भैरवीपेक्षाही मोलाची. भैरवीत ते घरी आहेत. इथे परक्या घरात वावरताना कोणती वस्तू उचलायची आणि कोणती जागच्या जागी ठेवायची, हे ठरवताना ते ऐकू येतात.

सरांना हे पटले नाही. त्यांनी सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यरांची खरहरप्रिया लावायला सांगितली. खाँसाहेबांच्या अगदी उलट आवाज: खरबरीत, अनुनासिक, लोभस म्हणावे असे त्यात काही नाही, आणि दोन मिनिटांत राग खोलीभर उभा. तक्रार करायची पाळी आता आमची होती. यात गंधार नेमका थांबतो कुठे, असे मी विचारले. सर म्हणाले, तो थांबायचा नसतोच. पुढच्या वेळी ते वीणेचे ध्वनिमुद्रण आणणार आहेत. वीणेवर हा गंधार रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून काढतात. स्वर एका जागी आणि बोट दुसऱ्या, ते ऐका आणि मग बोला, असे त्यांनी बजावले आहे. धारवाडच्या गृहस्थांनी त्यावर खाँसाहेबही वीणा वाजवत, एवढेच म्हणून चपला घातल्या.