शाळेत असताना केलेली नोकरी: एका गाजलेल्या पेपरबद्दल

बौद्धिक अक्षमता असलेली मुलं शाळेतून नोकरीपर्यंत कशी पोचतात, यावर वाचायला घेतलं की एक पेपर हमखास समोर येतो: कार्टर, ऑस्टिन आणि ट्रेनर, २०१२. त्यातला एक निष्कर्ष सगळीकडे फिरतो. शाळेत असतानाच ज्यांनी बाहेर पगारी काम केलं, त्यांना पुढे नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. पेपर चांगला आहे, पण आपण त्याच्या तोंडी जे घालतो, तेवढं तो म्हणत नाही.

आधी डेटा काय आहे ते बघू. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या हजारो किशोरवयीन मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारा एक राष्ट्रीय सर्व्हे झाला. त्यातून लेखकांनी बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता किंवा स्वमग्नता असलेली, जास्त मदत लागणारी मुलं निवडली आणि शाळा संपल्यावर दोन वर्षांपर्यंत त्यांच्यातलं कोण पगारी काम करतंय ते पाहिलं.

आता अडचण बघा. मुळात शाळेत असताना काम मिळतं कुणाला? जो बऱ्यापैकी बोलतो, स्वतःचं आवरतो, ज्याच्या वडिलांची दुकानदाराशी ओळख आहे, त्याला. पुढची नोकरीही त्यालाच मिळणार. मग आधीच्या कामामुळे नोकरी मिळाली, की दोन्ही एकाच कारणामुळे मिळाली? सर्व्हेत ज्याची नोंदच नाही, ते कुठल्याही गणिताने वेगळं काढता येत नाही. लेखक ‘संबंध आहे’ एवढंच म्हणतात. ‘यामुळे नोकरी मिळते’ हे आपण पुढे जोडतो.

याच पेपरमधले दोन निष्कर्ष मात्र फारसे कुणी सांगत नाही. एक, मुलग्यांना नोकरी मिळण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त होती. दोन, ज्यांच्यावर घरातली कामं सोपवली होती आणि ज्यांचे पालक ‘हा पुढे कमावेल’ असं धरून चालले होते, त्यांचंही पुढे बरं झालं. इथेही तोच प्रश्न येतो, कारण ज्याला जमतं त्यालाच आपण काम सांगतो.

मग पेपर बाजूला ठेवायचा का? नाही. कारण त्याच्या विरुद्ध जी समजूत आहे, ‘आधी पूर्ण तयार करू, मग बाहेर पाठवू’, तिची बाजू याहून लंगडी आहे. १९७२ साली मार्क गोल्ड यांनी संरक्षित कार्यशाळांमधल्या लोकांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. ज्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हती, ते लोक हे शिकले. अडलं होतं ते शिकवण्याच्या पद्धतीपाशी.

‘यामुळे’ म्हणण्याच्या जास्त जवळ जाणारा एक प्रयोगही आहे. २०१४ साली वेमन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने शाळेचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करत काढलं. त्यातल्या २४ पैकी २१ जणांना नोकरी मिळाली. दुसऱ्या गटात १६ पैकी एकाला. संख्या लहान आहे आणि हे सगळे स्वमग्न होते, म्हणून बौद्धिक अक्षमतेला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण दिशा तीच दिसते.

आता आपल्याकडे येऊ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्यातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. शाळा आणि ही नोकरी यांच्या मधे बहुतेकांच्या वाट्याला येते ती कार्यशाळा: पणत्या, राख्या, कागदी पिशव्या. त्यात वाईट काही नाही. घरी बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण अहवालात त्याला ‘कामाचा अनुभव’ लिहून वर कार्टरांचा हवाला देणं मला पटत नाही. त्यांनी मोजलेलं काम चार लोकांत जाऊन केलेलं आणि पगाराचं होतं. दिवाळीच्या स्टॉलवर विकल्या गेलेल्या पणत्या त्यात बसत नाहीत.

‘मग काय बालमजुरी करायची?’ असं कुणी विचारेल. कायद्याने १४ वर्षांपुढच्या मुलांना बंदी आहे ती धोकादायक कामांची. आठवड्यातून दोन दुपारी लायब्ररीत पुस्तकं लावणं किंवा बेकरीत खोकी भरणं त्यात येत नाही.

माझ्या मते या पेपरचा खरा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी आहे. विशेष शाळेच्या पालकसभेत हे चार विचारून बघा: बाहेर कामाला कितवीपासून पाठवता? पैसे मुलाच्या हातात येतात का? ज्यांना अजून नीट बोलता येत नाही, त्यांच्यापैकी किती जण गेले? आणि मुली किती? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं शाळांनी नुसती लिहून ठेवायला सुरुवात केली, तरी काम मिळायला कारण काय होतं हे पुढे कधीतरी आपल्याला आपल्याच डेटावरून तपासता येईल.